बिराजदार सर तयार घेत नाहीत

दुपारी एक वाजला की बिराजदार सर सर्व्हरच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे आणि करमाळ्याला फोन लावायचे. ते दार कधीच नीट लागायचं नाही. माझं टेबल त्याला लागूनच. त्यामुळे ऐकायचं नाही असं ठरवलं तरी ऐकू यायचंच, आणि खरं सांगायचं तर मी तसं कधी ठरवलंही नव्हतं.

"सात, एफ, तीन, तीन, बी, शून्य..." सर संथपणे म्हणत. मग थांबत. मग पलीकडचा माणूस बोलत असावा, कारण हे नुसते "व्हय... व्हय... फुडं" म्हणत. असं पाच-सात मिनिटं चालायचं. शेवटी एकच वाक्य, "जुळलं. ठिवतो." आणि दार उघडून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं डबा खायला जायचे.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक होते. या खात्यात वीस वर्षं काढलेल्या बाईला देवळातल्या घंटेचाही संशय यायला लागतो. विद्यार्थी हसला तर का हसला, रडला तर खरं रडला का, पालक पेढे घेऊन आला तर कशासाठी आला, हेच आमचं काम. पहिल्यांदा मला वाटलं, मटक्याचे आकडे असतील. पण मटक्यात एफ आणि बी कुठून येणार? आमचे शिपाई रफीकभाई म्हणाले, "बाई, कोडवर्ड है. मैं बोल रा ना." मग माझ्या मनात आसन क्रमांक आले. आमच्या आसन क्रमांकात अक्षरं असतात, आकडे असतात. तिथून जो किडा डोक्यात शिरला तो काही केल्या बाहेर येईना.

गुरुशांत बिराजदार हे मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. उंच, वाळके, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कुणी काहीही सांगितलं तरी आधी डावी भुवई वर. घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि मनाशी बोलायचे तेही कानडीतच. कुठल्याही कामाला "नोडोण" म्हणत, म्हणजे बघू या. हे 'बघू या' सरकारी नव्हतं. ते खरोखरच बघत बसायचे, आणि तोच तर आमचा वैताग होता.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती नवीन कॉम्प्युटर आले तेव्हा. निकालाचा प्रोग्राम त्यावर चढवायचा होता. दुसऱ्या कॉलेजात हे काम दहा मिनिटांत झालं होतं, असं तिथल्या बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. आमच्याकडे सर सकाळी दहाला बसले ते दुपारी चारपर्यंत. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी खालून वर पळत होत्या आणि सर हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत बसले होते. मी तीनदा जाऊन आले.

"सर, झालं का?"

"हुतंय की. बांदतोय."

"काय बांधताय?"

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. प्रोग्राम आधी माणसाला वाचता येईल असा लिहिलेला असतो, त्याला सोर्स म्हणतात. मग तो यंत्राला कळेल अशा रूपात बांधावा लागतो. हे बांधायचं काम बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. आपण ते तयार पॅकेज उतरवून घ्यायचं, दोन बटणं दाबायची, मोकळं व्हायचं. सगळं जग तसंच करतं. बिराजदार सर मात्र मूळ सोर्स आणणार, जमेल तेवढा वाचणार, नको तो भाग काढणार आणि आपल्या यंत्रावर स्वतः बांधणार.

"पण तयार मिळत असताना कशाला?" मी विचारलं.

"वाचाया दिलंय एक आनि बांदून दिलंय दुसरंच, असं नसंल कशावरनं?"

"कशाला कोण असं करेल?"

"कोन करंल ते मला ठाऊक न्हाय. म्हनून तर बांदतोय."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे माझ्या लक्षात आलं. त्याचबरोबर असंही मनात आलं की, जो माणूस इतका संशय घेतो तो स्वतः काहीतरी करत असला पाहिजे. आपल्याकडे चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगाच?

घरीही त्यांचं असंच होतं म्हणे. ज्वारी मैंदर्गीच्या शेतातली. ती दळायला गिरणीत डबा ठेवून घरी येणं त्यांना मंजूर नव्हतं. दाणे पडल्यापासून पीठ बाहेर येईपर्यंत स्वतः उभे राहायचे, आणि आधी कुणाचं काय दळलं ते विचारून घ्यायचे. आधी डाळ दळलेली असली तर आपली पहिली ओंजळ बाजूला काढायला लावायचे. गिरणीवाला त्यांना बघितलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तुमी मागनं या, साहेब आलेत." एकदा ऑफिसात कुणीतरी शेंगाचटणीचं पाकीट फोडलं. सगळ्यांनी कडक भाकरीवर घेतली. सरांनी पाकीट उलटंसुलटं करून वाचलं, सगळं, अगदी छापखान्याच्या नावापर्यंत, आणि परत ठेवून दिलं. "शेंगा कुठल्या ते लिवलं न्हाय," एवढंच म्हणाले.

ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या तेव्हा सह्यांसाठी एक शुभेच्छापत्र फिरत होतं. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून सह्या केल्या. सरांनी ते खाली बसून वाचलं आणि म्हणाले, "ह्यात बाईंनी चाळीस वर्षं सेवा केली असं हाय. बाईच आत्ता अठ्ठावन्नच्या. अठराव्या वर्षी लागल्या व्हय?" पत्र परत गेलं आणि दुरुस्त होऊन आलं. ग्रंथपालबाई मला नंतर म्हणाल्या, माझं पत्र नीट वाचणारा हा एकटाच निघाला.

आता हा माणूस चुकायचाच नाही असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. एका वर्षी त्यांनी प्रमाणपत्रं छापायचा प्रोग्राम असाच स्वतः बांधला. बांधताना आपल्याला लागत नाहीत म्हणून बरेच तुकडे वगळले. सामान कमी, घोळ कमी, असं त्यांचं तत्त्व. त्या वगळलेल्यांत एक तुकडा जोडाक्षरं जुळवणारा होता. पदवीदानाच्या दोन दिवस आधी प्रमाणपत्रं छापून आली तर सगळ्या क्षीरसागरांची आणि श्रीकांतांची हाडं मोकळी झालेली. प्राचार्य इतके तापले की त्यांचा आवाज खाली सायकल स्टँडपर्यंत गेला. "तयार घेतलं असतं तर हे झालं असतं का?" असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "न्हाय, सर. माझी चूक हाय. मी काडला तो भाग." पुन्हा बांधायला बसले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी प्रमाणपत्रं नीट करून दिली. मी मात्र मनात नोंद केली की या माणसानं काय काढलं आणि काय ठेवलं, हे त्याच्याशिवाय कुणालाच कळत नाही.

हीच गोष्ट पद्मानं त्यांना तोंडावर विचारली. पद्मा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. साखर पेठेतली, तेलुगू विणकरांच्या घरातली पोरगी, जिभेला हाड नाही. एकदा चहाच्या वेळी तिनं सरांना गाठलं.

"सर, एक सांगा की. तुमी ज्याच्यावर हे बांधता, त्या बांधणाऱ्या प्रोग्रामला काय म्हणता?"

"कंपायलर."

"मग तो कंपायलर कुणी बांधला? तुमी?"

सरांची डावी भुवई वर गेली, पण या वेळी खाली आली नाही. "न्हाय. तो तयारच आलाय," ते म्हणाले.

"आणि तुमी बांधलेलं हे आमच्यासाठी तयारच झालं की! तुमी कुणाचं तयार घेत नाही, मग आमी तुमचं का घ्यायचं?"

आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. कप तसाच ठेवून उठून गेले. पद्माला वाटलं, रागावले. दोन दिवसांनी ते स्वतःहून तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. लई इचार केला. उत्तर न्हाय माझ्याकडं." आणि निघून गेले. वादात हरल्याचं दोन दिवसांनी येऊन सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तरीही माझा संशय गेला नाही. उलट वाटलं, बघा, स्वतःच कबूल केलं.

मग ते उन्हाळी परीक्षेचं प्रकरण झालं.

आमच्याकडे गुणांचा प्रवास दोन वाटांनी व्हायचा. परीक्षक पेपर तपासून गुणांचा तक्ता करायचे आणि तेच आकडे कॉलेजच्या कॉम्प्युटरवर स्वतः भरायचे. तो सही केलेला तक्ता माझ्याकडे यायचा. त्यावरून मी मोठ्या वहीत हातानं गुण उतरवायची. मग तक्ता आणि उत्तरपत्रिका यांचा गठ्ठा लाखेनं बंद करून लोखंडी कपाटात जायचा. कपाटाची चावी माझ्याकडे.

त्या वर्षी निकालाआधीच्या तपासणीत गणिताच्या दहा विद्यार्थ्यांचे गुण वहीत वेगळे आणि कॉम्प्युटरवर वेगळे निघाले. दहाही ओळीनं एकाखाली एक. एकाला वहीत बावन्न तर कॉम्प्युटरवर एकतीस. एका मुलाला तर वहीत चांगले गुण होते आणि कॉम्प्युटरनं त्याला गैरहजरच ठरवलं होतं. त्याला बोलावून विचारलं तर तो म्हणाला, "मी होतो की परीक्षेला." तो बापडा नाही कशाला म्हणेल! परीक्षक परगावचे. त्यांनी फोनवर सांगितलं, मला आकडे कुठले आठवणार, गठ्ठ्यात आहे ते खरं.

कुणालाच वहीचा संशय आला नाही. वही सबनीसबाईंच्या हातची होती, आणि सबनीसबाईंच्या वहीत वीस वर्षांत खाडाखोडसुद्धा सापडली नव्हती. सबनीसबाई म्हणजे मी. कॉम्प्युटर बिराजदार सरांच्या हातचा. पासवर्ड त्यांच्याकडे, प्रोग्राम त्यांनी बांधलेला, आत काय आहे ते त्यांनाच माहीत. तिघांची चौकशी समिती बसली आणि प्रत्येकाला विचारलं गेलं, बिराजदारांबद्दल काही संशयास्पद दिसलंय का?

मी लेखी निवेदन दिलं. दररोज दुपारी एक वाजता दार ओढून करमाळ्याच्या एका माणसाशी फोनवर आकडे आणि अक्षरं बोलली जातात, ते आसन क्रमांक असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. 'शक्यता नाकारता येत नाही' हे शब्द मला फार आवडले होते. सही केली, तारीख घातली. वर 'गोपनीय' लिहिलं.

समितीसमोर काय झालं ते मला टंकलेखनासाठी आलेल्या इतिवृत्तातून कळलं. फोनबद्दल विचारल्यावर सरांनी सांगितलं की करमाळ्याचे ढेरे मास्तर हे त्यांचे जुने वर्गमित्र. जवळजवळ रोज कुठला तरी नवा सोर्स उतरवायचा असतो, आणि तो उतरवून घेतला की त्या फाइलवरून आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ निघते. फाइलीत एका अक्षराचाही फरक असला तरी ती ओळ पार बदलते. सर इथल्या इंटरनेटवरून फाइल उतरवायचे, मास्तर करमाळ्यात वेगळ्या कंपनीच्या इंटरनेटवरून तीच उतरवायचे, आणि दोघं आपापली ओळ एकमेकांना वाचून दाखवायचे. जुळली तर वाटेत कुणी हात घातलेला नाही. मास्तरांची मधली सुट्टी एक वाजता असते, म्हणून एक वाजता.

समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "हे खरं कशावरून?" सर म्हणाले, "सोर्स समोर ठिवतो. हितं बसून बांदतो. निघंल त्यो आकडा सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या आकड्याशी लावून बगा. वाचा, तपासा." त्यावर अध्यक्ष म्हणाले की समितीला तेवढा वेळ नाही, आपण थोडक्यात निष्कर्ष सांगा. इतिवृत्तात पुढं एवढंच आहे की श्री. बिराजदार यांनी निष्कर्ष सांगण्यास नकार दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढून घेतली. चौकशी संपेपर्यंत ग्रंथालयात बसायचं, असा आदेश निघाला. बाहेरची माणसं आली आणि तयार पॅकेज टाकून अकरा मिनिटांत काम करून गेली. त्यांना चहा मिळाला. स्टाफरूममध्ये कुजबूज चालायची, आणि सर आत आले की सगळे हवापाण्यावर घसरायचे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरायच्या बेतात होतं. पाहुण्यांनी थोडं थांबू या असा निरोप पाठवल्याचं पद्मा म्हणाली. मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. मला वाटलं, आपण वेळेवर सावध होतो म्हणून बरं.

पंधरा दिवसांनी बिराजदार सर परीक्षा विभागात आले. हातात प्राचार्यांचं पत्र होतं. त्यांनी गणिताचा गठ्ठा उघडण्याची लेखी परवानगी मागितली होती. प्राचार्यांनी त्यावर शेरा मारला होता, 'सौ. सबनीस यांची हरकत नसल्यास.' म्हणजे त्यांनी ते माझ्या गळ्यात टाकून हात झटकले होते.

"बाई, गठ्ठा उगडाया पायजे," सर म्हणाले.

"कशाला? वहीत आहे ना सगळं."

"वही म्हंजे कुनीतरी उतरवलेलं. मूळ आत हाय."

मला राग आला. "म्हणजे माझी चूक आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं मी म्हनत न्हाय. कुनाची हाय ते मला ठाऊक न्हाय. अंदाज हाय, पन अंदाज मी धरत न्हाय." मग म्हणाले, "मी कशाला हात लावत न्हाय. हितं लांब बसतो. तुमी उगडा, तुमीच वाचा."

नाही म्हणायला मला काहीच अडचण नव्हती. हरकत आहे, एवढे दोन शब्द लिहिले असते की विषय संपला असता. पण वीस वर्षं मी माझ्या अक्षराचा जो तोरा मिरवत आले होते त्यानंच मला उठवलं. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं, याची खोड मोडू दे. कपाट उघडलं. लाख फोडली. सर खिडकीजवळच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

तक्ता वरच होता. बोट ठेवून मी एकेक ओळ वाचत आले. विसाव्या ओळीवर परीक्षकांनी लाल शाईनं लिहिलं होतं, गैरहजर. आणि माझ्या वहीत विसाव्या ओळीवर सत्तेचाळीस होते. ते एकविसाव्याचे होते. तिथून पुढं पान संपेपर्यंत मी प्रत्येकाला खालच्याचे गुण देत गेले होते. तळाला एक ओळ उरली तेव्हा शेवटचाच आकडा पुन्हा लिहून मोकळी झाले होते.

आमची एक पद्धत होती. एकीनं तक्ता मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं वहीवर टिक करायची. त्या पानावर टिका सगळ्या होत्या, छान, एका सरळ रेषेत. मला तो दिवस आठवला. चार वाजले होते, पद्माला बस गाठायची होती. ती म्हणाली होती, "बाई, तुमचं हाय ना, मग झालं," आणि भराभरा टिका करून उठली होती. मीही हसून वही मिटली होती.

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. तक्ता माझ्या हातात होता आणि सरांना तिथून त्यातलं अक्षरही दिसणं शक्य नव्हतं. 'वहीप्रमाणेच आहे' असं मी म्हणाले असते तर मला खोटं पाडणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. हा विचार माझ्या मनात आला. आला नाही असं म्हणणार नाही.

"वाचलं?" सरांनी विचारलं.

"वाचलं," मी म्हणाले.

ते उठले. टेबलापर्यंत आले नाहीत, तक्ता दाखवा म्हणाले नाहीत. "काय असंल ते तुमी लिवा," एवढंच बोलले आणि ग्रंथालयाकडे निघून गेले. शुभेच्छापत्र अडवणारा माणूस, चटणीच्या पाकिटावरचा छापखाना वाचणारा माणूस, आणि ज्याच्यावर त्याची अब्रू अवलंबून होती तो कागद न बघता गेला.

मी लिहून दिलं. चूक माझी, वही माझी, पडताळणी झाली नव्हती तेही. पद्माचं नाव घातलं नाही, तर तिनं स्वतः येऊन खाली सही केली. आम्हा दोघींना लेखी ताकीद मिळाली. समितीनं बिराजदार सर निर्दोष असल्याचं पत्र काढलं. मुलीचं लग्नही झालं, आम्ही सगळे जेवून आलो. पण सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांना परत मिळाली नाही. नवीन पॅकेज आलंच आहे, चाललंय ते चालू दे, असं प्राचार्य म्हणाले. मी एकदा जाऊन त्यांच्याकडे शब्द टाकला. ते म्हणाले, "सबनीसबाई, त्यांच्यावर आता कुणाचा संशय नाही. पण धूर निघाला होता ना एकदा?" तो धूर मीच काढलेला होता. हे मी त्यांना सांगितलं, तरी काही उपयोग झाला नाही.

सर शेवटची चार वर्षं ग्रंथालयातच बसले. पुस्तकांची यादी करायचे. भेटले की मान हलवायचे, घरचं विचारायचे. ते निवेदन कुणी दिलं होतं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. वर 'गोपनीय' होतं ना. त्या शब्दाच्या आड मी चार वर्षं लपून राहिले. रोज ठरवायची, आज सांगायचं. मग वाटायचं, माहीतच नसेल त्यांना, कशाला जुनं उकरायचं?

ते निवृत्त झाले, पाठोपाठ मीही. मागच्या महिन्यात बहिणीला बसवून द्यायला मी जुळे सोलापुरातून रिक्षानं एसटी स्टँडवर गेले होते. तिची गाडी सुटली. वळले तर पलीकडच्या फलाटावर, अक्कलकोटवरून मैंदर्गीला जाणाऱ्या गाडीच्या दाराशी बिराजदार सर उभे. केस पार पांढरे झालेले, शर्ट तोच पांढरा. आता गावीच असतात म्हणाले. बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणलं होतं. ती आत जागा धरून बसली होती.

मी इकडचं तिकडचं बोलले. ड्रायव्हर चढताना दिसला तेव्हा मात्र मला राहवेना.

"सर, ते करमाळ्याच्या फोनचं निवेदन... ते मी दिलं होतं."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "समितीनं पैल्याच दिवशी नक्कल दिल्ती मला. तुमचं अक्षर कुनाला कळायचं न्हाय?"

म्हणजे गठ्ठा उघडायला आले तेव्हा यांना माहीत होतं. खिडकीजवळ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते तेव्हाही माहीत होतं.

"मग माझ्याच हातात कसं दिलंत? मी लपवलं असतं तर?"

त्यांनी नेहमीसारखा विचार केला. भुवई वर गेली नाही. "मग गेलो असतो की मी," ते म्हणाले. "चावी तुमच्याकडंच हुती."

कंडक्टरनं दारावर थाप मारली. सर आत जाऊन खिडकीशी बसले. इंजिन सुरू झालं. मी खिडकीखाली गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं, सर."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हनलात? आयकू आलं न्हाय. परत सांगा."

गाडी हलली होती. मी तिच्याबरोबर चार पावलं चालले आणि जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "चुकलं माझं, सर! चुकलं!" फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली.